पारदर्शक, नितळ आणि चोख

'पारदर्शक कारभार' ही शब्दांची जोडी आता इतकी रुळली आहे की जळगाव-धुळ्याकडच्या निवडणुकीच्या पत्रकात, पतसंस्थेच्या अहवालात किंवा निविदेच्या सूचनेत ती हटकून सापडते. या शब्दाचा मूळ अर्थ आणि लाक्षणिक अर्थ शेजारी ठेवले की मला एक अडचण दिसते. ती केवळ शब्दांची नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

'पार' म्हणजे पलीकडचा काठ. पलीकडचे दाखवते ते पारदर्शक. इंग्रजी 'ट्रान्स्परन्ट'ची घडणही तशीच आहे: लॅटिनमध्ये 'ट्रान्स' म्हणजे पलीकडे आणि 'पारेरे' म्हणजे दिसणे. संस्कृतात मात्र याच 'पार'वरून आणखी एक शब्द झाला, 'पारदृश्वा', म्हणजे पलीकडचा काठ पाहिलेला. 'रघुवंशा'च्या पाचव्या सर्गात कालिदासाने विद्यासंपन्न कौत्साचे वर्णन करताना हाच शब्द वापरला आहे. इथे गुण पाहणाऱ्याचा आहे, मधल्या वस्तूचा नाही. हा फरक पुढे कामाला येईल.

शाळेतल्या विज्ञानात आपण तीन प्रकार शिकलो: काच पारदर्शक, तेल लावलेला कागद अर्धपारदर्शक, लाकडी फळी अपारदर्शक. काच जितकी चांगली तितकी ती स्वतः कमी दिसते. मग कार्यालय 'पारदर्शक' म्हणजे काय? कार्यालयाने दिसेनासे व्हावे अशी आपली अपेक्षा नसते. उलट तेच दिसावे असे आपण म्हणतो. संगणकाच्या क्षेत्रात इंग्रजी शब्दाचा वापर काचेला अधिक धरून आहे. वापरणाऱ्याच्या लक्षातही न येता आतल्या आत चालणाऱ्या कामाला तिथे 'ट्रान्स्परन्ट' म्हणतात. म्हणजे एकाच शब्दाने एकीकडे 'सगळे दिसते' आणि दुसरीकडे 'काहीच जाणवत नाही' असे सांगितले जाते. शिवाय रोजच्या इंग्रजीत लगेच उघडी पडणारी सबबही 'ट्रान्स्परन्ट' असते. मराठीने हा अर्थ घेतलाच नाही. आपल्याकडे खोटे 'धडधडीत' असते, पारदर्शक कधीच नसते. आपण फक्त प्रतिष्ठेचा अर्थ उचलला, आणि त्यामुळे हा शब्द हळूहळू 'प्रामाणिक'चा पर्याय होऊन बसला.

प्रामाणिकपणासाठी आपल्याकडे जुने शब्द होते आणि आहेत. सोन्याच्या व्यापारासाठी नावाजलेल्या जळगावात 'चोख' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. सोने चोख असते, आणि त्यावरून हिशेबही चोख. या शब्दामागे कसोटीचा दगड आहे. कुणीतरी घासून पाहिले आहे. 'नितळ' पाण्यावरून आला. पावसाळ्यात गढूळ झालेले तापीचे पाणी हंड्यात ठेवले की गाळ खाली बसतो आणि वरचे पाणी नितळते. त्याला वेळ लागतो. 'पारदर्शक' या शब्दात परीक्षाही नाही आणि वेळही नाही. आत काय आहे याची तो हमी देत नाही. पाहण्याची सोय आहे, इतकेच सांगतो.

ही सोय क्षुल्लक नाही, हे बाजाराने शिकवले. पूर्वी शेतमालाचे आणि गुरांचे सौदे रुमालाखाली होत. दलाल आणि खरेदीदार कापडाआड एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवत. ज्याचा माल तो शेतकरी शेजारीच उभा असे, पण आकडा त्याला कळत नसे. मुंबई इलाख्यात १९२७ साली कापूस बाजाराचा कायदा झाला. पुढे बाजार समित्या आल्या आणि उघड लिलाव आला. रुमाल गेला, बोली मोठ्याने होऊ लागली.

धुळे जिल्ह्यात पांझरेवरची फड पद्धत याहून बोलकी आहे. काही शतके चालत आलेल्या या पद्धतीत बंधाऱ्याचे पाणी पाटाने येते. भिजणाऱ्या जमिनीचे मोठे तुकडे म्हणजे फड, आणि एका फडात साधारणपणे एकच पीक. पाणी वाटायला पाटकरी, राखणीला जागल्या; शेतकऱ्याने आपल्या हाताने पाणी वळवून घ्यायचे नसते. पाट उघडा आहे, हे तर झालेच. पण माझ्या मते खरी गोष्ट पुढची आहे. शेजारीपाजारी तेच पीक उभे असल्याने कुणाला पाणी कमी पडले हे पानांवरून कळते, आणि पाहणारा प्रत्येक जण शेतकरी असल्याने त्याला ते वाचता येते. तुलनेची सोय आणि जाणती नजर, दोन्ही तिथे आहेत.

कागदाच्या कारभारात नेमके हेच सुटते. महाराष्ट्राचा माहिती अधिकाराचा कायदा २००२चा, केंद्राचा २००५चा. तो १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे लागू झाला. कारण न सांगता माहिती मागता येते, एरवी ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते, आणि कलम ४ प्रमाणे बरीच माहिती न मागताच जाहीर करावी लागते. कलम ८ मध्ये अपवाद आहेत. कलम १० प्रमाणे कागदाचा काही भाग वगळून उरलेला देता येतो. एका रस्त्याच्या कामाची कागदपत्रे मी अशीच मागवली. दोन रुपये पानाप्रमाणे गठ्ठा मुदतीत मिळाला. काहीही लपवलेले नव्हते, आणि मला काहीही कळले नाही. ओळखीच्या एका निवृत्त ओव्हरसियरांनी मोजमाप पुस्तकाची पाने अंदाजपत्रकाशी ताडून दाखवली, तेव्हा खडीच्या थराची जाडी कुठे बदलली ते दिसले. तोवर माझ्यापुरता तो गठ्ठा तेल लावलेला कागद होता: उजेड येत होता, आकृती ओळखू येत नव्हती.

म्हणून 'पारदर्शक' या शब्दाला माझा विरोध नाही. त्याच्यावर टाकलेल्या ओझ्याला आहे. काच बसवणे हे कार्यालयाचे काम आणि ते त्याच्याकडून करून घेतलेच पाहिजे. पण चोखपणा कसाला लावल्यावरच ठरतो. अंदाजपत्रक, ताळेबंद आणि मोजमाप पुस्तक वाचू शकणारी चार माणसे गावात असतील, तरच त्या काचेतून पलीकडचा काठ दिसेल.