छोटा प्रकल्प म्हणजे नदीला धक्का नाही?

लघु जलविद्युत प्रकल्पांचे पर्यावरणावर होणारे परिणाम हा माझ्या पदव्युत्तर संशोधनाचा विषय. संभाजीनगरात कुणालाही तो सांगितला की उत्तर ठरलेलं असतं : “छोट्या प्रकल्पानं काय बिघडणार? त्रास मोठ्या धरणांचा.” चहाच्या टपरीवर हे ऐकलं, चर्चासत्रात ऐकलं, पैठणला धरणाकडे बोट दाखवत सांगणारेही भेटले. म्हणून एकदाच नीट सांगते.

गैरसमज : प्रकल्प छोटा, तर नुकसानही छोटं.

आधी ‘छोटा’ म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडे २५ मेगावॅटपर्यंतचा प्रकल्प लघु जलविद्युत म्हणून धरला जातो. चीनमध्ये ही मर्यादा ५० मेगावॅट, ब्राझीलमध्ये ३०. ही रेषा कागदावरची आहे. नदीला ती ठाऊक नाही.

पैठणचंच घ्या. जायकवाडीवरचं १९८४चं वीजगृह १२ मेगावॅटचं, म्हणजे या व्याख्येत ‘लघु’. पण ते ज्या धरणावर उभं आहे त्याची भिंत सुमारे दहा किलोमीटर लांब आहे, भरलेला नाथसागर जलाशय साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास पसरतो आणि शंभराहून अधिक गावं त्याच्या पाण्याखाली गेली. धरण मुख्यतः सिंचनासाठी बांधलं, हे खरं. म्हणून तर सांगायचं आहे की मेगावॅट हे विजेचं माप आहे, नदीच्या नुकसानीचं नव्हे. धरण आधीच असेल आणि शेतीसाठी सोडायच्या पाण्यावरच जनित्र बसवलं, तर नदीचं जादा नुकसान थोडंच होतं. तिथे माझाही आक्षेप नाही.

आक्षेप आहे तो वाहत्या ओढ्यावर नव्यानं उभ्या राहणाऱ्या प्रकल्पांना. तिथे बंधारा घालून पाणी कालव्यात वळवतात, उतारावरच्या नळातून खाली वीजगृहात सोडतात आणि मग पुन्हा नदीत. “पाणी परत नदीतच जातं ना?” हा पुढचा प्रश्न हमखास येतो. जातं, पण खाली. बंधारा आणि वीजगृह यांच्यामधला पट्टा, कधी काही किलोमीटरचा, उन्हाळ्यात जवळजवळ कोरडा पडतो. उरलेल्या डबक्यांतलं पाणी तापतं, त्यातला प्राणवायू घटतो, माशांची वर-खाली ये-जा थांबते. सुमन जुमानी आणि सहकाऱ्यांनी कर्नाटकातल्या पश्चिम घाटात, नेत्रावतीच्या खोऱ्यात, अडवलेले आणि न अडवलेले ओढे ताडून पाहिले (२०१८). अडवलेल्या ओढ्यांत पाण्याचे गुणधर्म बदललेले होते आणि माशांचा समुदायही.

एका ओढ्याचं काय एवढं, असं म्हणाल, तर बेरीज करा. संशोधक केली किबलर आणि डेझिरे टुलोस यांनी चीनमधल्या नू नदीच्या खोऱ्यातल्या छोट्या-मोठ्या प्रकल्पांची दर मेगावॅटमागे तुलना केली (२०१३). १४ पैकी ९ निकषांवर छोट्या प्रकल्पांचा आघात जास्त भरला. थियागो कौटो यांनी डॉक्टरेटचे विद्यार्थी असताना ज्युलियन ओल्डन यांच्यासह जगभरची मोजदाद केली (२०१८) : १५० देशांत चालू किंवा बांधकाम सुरू असलेले ८२,८९१ लघु प्रकल्प. एका मोठ्या प्रकल्पामागे अकरा छोटे!

आणि आपल्याकडे २००६च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेत २५ मेगावॅटखालच्या जलविद्युत प्रकल्पांना पर्यावरणीय मंजुरीची अटच नाही. म्हणजे एकाच नदीवर एकाखाली एक असे पाच प्रकल्प आले, तरी पाचही ‘निरुपद्रवी’. परिणाम नसतो म्हणून तो दिसत नाही असं नाही. तो मोजलाच जात नाही.

थोडक्यात आणखी काही गैरसमज

*वीज काढलेल्या पाण्याचा कस जातो.* नाही. टर्बाइन घेतं ती उंचीवरून पडणाऱ्या पाण्याची ऊर्जा. पाण्यातले क्षार तसेच राहतात, पीक तसंच येतं.

*पाणी पुन्हा वर चढवलं की फुकट वीज मिळते.* पैठणचं यंत्र पाणी उलटं चढवू शकेल असंच बनवलेलं आहे. पण चढवायला लागणारी वीज मिळणाऱ्या विजेपेक्षा नेहमीच जास्त. फायदा एवढाच की मागणी कमी असतानाची वीज गरजेच्या वेळी वापरता येते.

*जलविद्युत म्हणजे शून्य कार्बन.* जलाशयात बुडालेली झाडंझुडपं आणि वाहून आलेला गाळ कुजून मिथेन निघतो. २०१६च्या एका जागतिक आढाव्यानुसार मानवनिर्मित हरितगृह वायूंपैकी सुमारे १.३ टक्के जलाशयांतून येतात.

माझा विरोध जलविद्युतेला नाही. कोळशाच्या राखेपेक्षा ती मलाही हवी आहे. फक्त पुढच्या वेळी कुणी “किती मेगावॅट?” असं विचारलं, तर त्याला जोडून तीन प्रश्न विचारा : धरण आधीचं आहे की नवं? नदीचा किती पट्टा कोरडा पडणार, आणि चैत्र-वैशाखात त्यात किती पाणी सोडणार? त्याच नदीवर आधीच किती प्रकल्प आहेत? यांची उत्तरं मिळाल्याशिवाय कुठल्याही प्रकल्पाला ‘हिरवा’ म्हणू नका.