चंद्रावर काडेपेटी कशाला?

काडेपेटी. घट्ट दाबलेलं सुकं अन्न. 50 फूट नायलॉनचा दोर. पॅराशूटचं रेशमी कापड. उचलून नेता येईल अशी शेगडी. दोन पिस्तुलं. दुधाच्या भुकटीचं एक खोकं. ऑक्सिजनच्या 100 पौंडी दोन टाक्या. ताऱ्यांचा नकाशा. हवा भरून फुगवायची नाव. होकायंत्र. पाच गॅलन पाणी. इशाऱ्यासाठी उडवायच्या फ्लेअर. इंजेक्शनच्या सुयांसकट प्रथमोपचाराची पेटी. आणि सौरऊर्जेवर चालणारा रेडिओ.

तुमचं यान चंद्राच्या उजेडातल्या भागावर उतरून तिथे थांबलेल्या मुख्य यानाला गाठणार होतं. बिघाड झाला आणि ते 200 मैल, म्हणजे सुमारे 320 किलोमीटर अलीकडेच आदळलं. बाकी सगळ्याचा चुरा झाला, या 15 वस्तू तेवढ्या शाबूत राहिल्या. आता मुख्य यानापर्यंत पोचायचंय. सगळ्यांत गरजेच्या वस्तूला एक नंबर, सगळ्यांत निरुपयोगी वस्तूला पंधरा. लावा क्रम.

हा खेळ जे हॉल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1960च्या दशकात रचला आणि नोव्हेंबर 1971च्या 'सायकॉलॉजी टुडे' मासिकातल्या त्याच्या लेखामुळे तो सर्वदूर पोचला. गंमत म्हणजे हॉलला अवकाशविज्ञान शिकवायचं नव्हतंच. माणसं एकत्र बसून निर्णय कसे घेतात, हे त्याला पाहायचं होतं. त्यासाठी त्याला असा प्रश्न हवा होता की ज्याचं उत्तर खेळणाऱ्या कोणालाच अनुभवाने ठाऊक नसेल, पण ज्याचं एक प्रमाण उत्तर मात्र असेल. ते उत्तर नासाच्या माणसांनी दिलं. आपला क्रम आणि नासाचा क्रम यांतला फरक प्रत्येक वस्तूसाठी मोजायचा आणि बेरीज करायची. शून्य आलं तर उत्तम, 112 आलं तर तुम्ही सगळी यादी उलटीच लावली. पुढे व्यवस्थापनाच्या शिबिरांनी हा खेळ एवढा वापरला की त्यातलं विज्ञान मागेच पडलं. माझ्या मते त्याची खरी जागा सातवी-आठवीच्या वर्गात आहे, कारण अंतराळातल्या धोक्यांची उतरंड इतक्या कमी सामानात मांडणारा दुसरा खेळ मला माहीत नाही.

नासाच्या यादीत पहिला ऑक्सिजन, दुसरं पाणी, शेवटची काडेपेटी. पहिल्या क्रमांकावर सहसा कोणी अडत नाही, पण तो पहिला का, हे मुलांना नीट सांगायला हवं. सिनेमातल्यासारखं निर्वातात माणसाचं शरीर फुटत नाही. 1966 साली ह्यूस्टनच्या निर्वात कक्षात अंतराळपोशाखाची चाचणी चालू असताना जिम लेब्लांक या तंत्रज्ञाच्या पोशाखाची नळी निसटली. सुमारे 14 सेकंदांत त्याची शुद्ध हरपली. शुद्ध जाण्याआधी जिभेवरची लाळ उकळल्यासारखी जाणवत होती, एवढं त्याला नंतर आठवलं. कक्षात तातडीने हवा भरली गेली म्हणून तो वाचला. प्रश्न फक्त श्वासाचा नाही. हवेचा दाब नसला की शरीराच्या तापमानालाही पाणी उकळतं, आणि फुप्फुसातून रक्तातला ऑक्सिजन उलटा बाहेर पडू लागतो. दम रोखून धरायची युक्ती तर अंगाशी येते, कारण आत कोंडलेली हवा फुगून फुप्फुसच फाडू शकते.

काडेपेटी शेवटी, कारण हवा नाही. इथे एखादा हुशार मुलगा वाद घालेल आणि त्याने तो घालावाच. काडीच्या गुलात पोटॅशियम क्लोरेट असतं आणि ते आपला ऑक्सिजन आपणच पुरवतं. तेव्हा गुल क्षणभर भपकन पेटू शकेल. पण काडी जळायची नाही, म्हणजे पेटवूनही हाती काही नाही. फ्लेअरचंही तेच रसायनशास्त्र, फक्त तिच्यात हा माल भरपूर असतो. म्हणून ती दहाव्या क्रमांकावर आणि काडेपेटी पंधराव्या.

पिस्तुलं अकराव्या क्रमांकावर आहेत आणि त्यांचं समर्थन वाचून मला दर वेळी हसू येतं. गोळी झाडली की उलट धक्का बसतो, त्याच्या जोरावर पुढे सरकता येईल म्हणे! पिस्तूल झडेल, यात शंका नाही; काडतुसातली दारूही स्वतःचा ऑक्सिजन बाळगून असते. पण हिशोब करून पाहा. साधारण 15 ग्रॅमची गोळी सेकंदाला 250 मीटर वेगाने सुटते. पोशाखासह अंतराळवीराचं वस्तुमान 160 किलो धरलं तर त्याला मिळणारा वेग सेकंदाला सव्वादोन सेंटीमीटरच्या आसपास. मुंगीही याहून लवकर पोचेल. शिवाय चंद्रावर पाय जमिनीला टेकलेले असतात, त्यामुळे हा एवढासा धक्का घर्षणातच जिरून जाईल. न्यूटनचा तिसरा नियम फळ्यावर लिहून देण्यापेक्षा हे उदाहरण मुलांकडून सोडवून घेतलेलं बरं. नासाचंही उत्तर तपासायचं असतं, हेही त्यात कळतं.

शेगडीची गोष्ट जास्त गंभीर आहे. तिला तेरावा क्रमांक मिळाला, कारण खेळ उजेडातल्या भागावर चालतो आणि तिथे थंडीची भीती नाही. ठीक आहे. पण उजेड किती दिवस? चंद्रावरचा एक दिवस आपल्या जवळपास 14 दिवसांचा, मग तेवढीच लांब रात्र. अवजड पोशाखात ताशी 3 किलोमीटरने रोज आठ तास चाललं, तर 320 किलोमीटरला 13-14 दिवस लागतात. म्हणजे सूर्य नुकताच उगवलेला असताना निघालात तरी पोचता पोचता मावळतो. दुपारी निघालात तर अर्ध्या वाटेवर रात्र गाठते, आणि विषुववृत्ताजवळ दुपारी 120 अंश सेल्सिअसच्या घरात असलेलं तापमान उणे 130च्याही खाली जातं. ही रात्र काय करते ते आपण पाहिलं आहे. 23 ऑगस्ट 2023ला चंद्रयान-3चा विक्रम लँडर दक्षिण ध्रुवाकडच्या प्रदेशात उतरला. त्याच्यावरच्या 'चास्टे' या तापमापकाने पहिल्याच दिवसांत जमिनीच्या पृष्ठभागावर 50 अंशांच्या आसपास आणि केवळ आठ सेंटीमीटर खाली उणे 10 अंश तापमान नोंदवलं. तिथली माती उष्णता आत जाऊच देत नाही. सप्टेंबरच्या सुरुवातीला विक्रम आणि त्याच्याबरोबरचा रोव्हर प्रज्ञान यांना निजवण्यात आलं. 22 तारखेला सूर्य पुन्हा वर आल्यावर त्यांना हाका मारल्या गेल्या, पण दोघांकडूनही उत्तर आलं नाही. मुलांना आधी विचारा, 'सूर्य आकाशात कुठे आहे?' मग शेगडीला नंबर द्यायला सांगा.

होकायंत्र चौदावं. पृथ्वीसारखं सबंध गोलाला व्यापणारं चुंबकीय क्षेत्र चंद्राला नाही, खडकांत इथेतिथे राहिलेले अवशेष तेवढे आहेत. त्यामुळे सुई भलतीकडेच वळेल. ताऱ्यांचा नकाशा मात्र तिसरा, आणि इथेही थोडं भांडायला जागा आहे. चंद्रावर दिवसा आकाश काळं असलं तरी जमिनीच्या झगझगाटात डोळ्यांना तारे सहजी दिसत नाहीत. त्याहून हुकमी खूण डोक्यावर असते, ती म्हणजे पृथ्वी. चंद्राची एकच बाजू कायम आपल्याकडे असल्यामुळे त्या बाजूवरून पाहताना पृथ्वी आकाशात जवळपास एकाच जागी टांगलेली दिसते. तिच्या दिशेने 30 किलोमीटर चाललात की ती साधारण एक अंशाने वर चढते. 320 किलोमीटरला साडेदहा अंश. कोनमापक आणि ओळंबा एवढ्यावर काम भागतं. अर्थात यान पलीकडच्या बाजूला पडलं असेल तर पृथ्वी दिसणारच नाही. 'उजेडातली बाजू' आणि 'आपल्याला दिसणारी बाजू' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा घोळ मोठ्या माणसांच्याही डोक्यात असतो.

वाट चुकणं ही काही पुस्तकी भीती नाही. फेब्रुवारी 1971मध्ये अपोलो-14चे ॲलन शेपर्ड आणि एडगर मिचेल कोन नावाच्या विवराचा काठ शोधत चढण चढत होते. हातात नकाशा होता, पण प्रत्येक टेकाडापलीकडे आणखी एक टेकाड लागे. चंद्रावर हवा नाही, त्यामुळे लांबच्या वस्तू धूसर दिसत नाहीत. ओळखीचं झाड नाही की घर नाही. मग अंतर जोखायचं कशावरून? दोघंही दमले, वेळ संपत आला आणि ते परतले. पुढे चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाने टिपलेल्या छायाचित्रांवरून कळलं की 300 मीटरहून रुंद त्या विवराचा काठ त्यांच्यापासून जेमतेम 30 मीटरवर होता.

रेडिओ पाचव्या क्रमांकावर आहे. मी तो वर नेईन. चंद्र लहान असल्याने उभ्या माणसाचं क्षितिज अवघ्या अडीच किलोमीटरवर संपतं, आणि लहरींना परतवून लांब पोचवणारं आयनांबर तिथे नाही. 320 किलोमीटरवरच्या यानाशी थेट बोलणं त्यामुळे अशक्यच. पण पृथ्वी दिसत असेल तर तिच्याशी बोलता येईल. तिथे मोठाल्या डिश कान लावून असतात आणि संदेश सव्वा सेकंदात पोचतो.

आता या यादीत काय नाही ते पाहू. माझ्या मते खेळाचा हा भाग सगळ्यांत मोलाचा, आणि हॉलने तो ठेवलेलाच नाही. ऑक्सिजनच्या टाक्या आहेत, पण उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषून घ्यायला काहीच नाही. एप्रिल 1970मध्ये अपोलो-13च्या तिघांवर हीच वेळ आली होती. मुख्य यान निकामी झाल्यावर ते चंद्रावर उतरायच्या चांद्रयानात शिरले. ते दोघांसाठी, दोनेक दिवसांपुरतं बांधलेलं. राहायचं होतं तिघांना, जवळपास चार दिवस. ऑक्सिजन पुरेसा होता. संपत आले होते ते कार्बन डायऑक्साइड शोषणारे लिथियम हायड्रॉक्साइडचे डबे. मुख्य यानात असे डबे पडून होते, पण ते चौकोनी आणि चांद्रयानातल्या खोबणी गोल! शेवटी प्लॅस्टिकच्या पिशव्या, पोशाखाची नळी, माहितीपुस्तिकेचा पुठ्ठा आणि चिकटपट्टी वापरून जोड तयार झाला. मुलांना सोळावी वस्तू म्हणून तो डबा द्या आणि त्याला कितवा क्रमांक देतात ते बघा. माझ्या यादीत तो ऑक्सिजनला अगदी खेटून आहे.

दुसरी गैरहजर गोष्ट किरणोत्साराची. पॅराशूटचं कापड उन्हापासून आडोसा म्हणून आठव्या क्रमांकावर आहे, पण सूर्यावरून सुटणाऱ्या वेगवान प्रोटॉनना ते अडवत नाही. ऑगस्ट 1972मध्ये सूर्यावर प्रचंड उद्रेक झाले. अपोलो-16 एप्रिलमध्ये परतलं होतं, अपोलो-17 डिसेंबरमध्ये निघायचं होतं. मधल्या काळात चंद्रावर कोणी नव्हतं, एवढंच नशीब. उद्रेक नसतानाही डोस कमी नसतो. चीनच्या चांग-अ 4 यानाने चंद्राच्या पृष्ठभागावर मोजलेला रोजचा डोस आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकातल्या डोसाच्या सुमारे अडीच पट निघाला. यावर उपाय कापडाचा नाही, मातीचा आहे. जाड थराखाली शिरायचं. म्हणजे यादीत एक फावडं हवं.

आणि त्या मातीचाही त्रास आहे. वारा-पाण्याने कडा न झिजलेली ती धूळ पोशाखाच्या सांध्यांत शिरते, काचेवर ओरखडे काढते. अपोलो-17च्या हॅरिसन श्मिटला तर यानात तिची ॲलर्जीच झाली, नाक चोंदलं.

पाण्याचा दुसरा क्रमांकही तहानेपुरता समजू नये. अपोलोच्या पोशाखात शरीराची उष्णता बाहेर टाकण्यासाठी पाण्याचा बर्फ करून त्याची थेट वाफ होऊ दिली जाई, आणि दर फेरीला काही लिटर पाणी असं अंतराळात जाई. पाच गॅलन म्हणजे 19 लिटर. 14 दिवस चालायचं, प्यायचंही त्यातलंच आणि अंग थंड ठेवायचंही त्यातूनच? हिशोब जमत नाही. अपोलो-17च्या वीरांकडे गाडी होती, तरी ते आपल्या यानापासून आठ किलोमीटरपलीकडे गेले नाहीत, कारण गाडी बंद पडली तर चालत परत येता आलं पाहिजे, असा नियम होता. म्हणून 'चालायचंच कशाला, इथेच थांबू आणि पृथ्वीला कळवू,' असं एखाद्या मुलीने म्हटलं तर तिला खेळाचे नियम ऐकवू नका. उत्तरपत्रिकेत जागा नसली तरी तिला गुण द्या.

राहिला गटाचा भाग. आधी प्रत्येकाने एकट्याने क्रम लावायचा, मग पाच-सहा जणांनी मिळून एक क्रम ठरवायचा. हॉलच्या अटी कडक होत्या: मतदान नाही, सरासरी नाही, नाणेफेक नाही, आणि केवळ वाद नको म्हणून आपलं मत सोडायचं नाही. या अटी पाळून बसलेल्या गटांची उत्तरं जास्त चांगली निघाली, असं त्याला आढळलं. बंदिस्त जागेत त्याच त्या माणसांबरोबर महिनोन्‌महिने राहणं हा अंतराळप्रवासातला एक मोठा धोका म्हणूनच गणला जातो. 2010-11मध्ये मॉस्कोत सहा जणांनी 520 दिवस बंद खोल्यांत मंगळप्रवासाचा असाच 'खेळ' केला. त्यात बाहेरच्यांशी संवादही मुद्दाम उशिराने होत असे, कारण खऱ्या मंगळावर संदेश पोचायला 3 ते 22 मिनिटं लागतात.

वर्गात हे सहज करता येईल. दुसऱ्या फेरीत यान मंगळावर पडलं असं सांगा. बाई किंवा सर झाले पृथ्वीवरचं केंद्र. मुलांनी प्रश्न चिठ्ठीवर लिहून पाठवायचा. चिठ्ठी दहा मिनिटं टेबलावर तशीच पडून राहील, मग वाचली जाईल, आणि उत्तर आणखी दहा मिनिटांनी. 'दोर घ्यायचा का?' असं विचारणाऱ्यांची वीस मिनिटं वाया जातील. 'दोर घेत आहोत, दूध टाकत आहोत, काही चुकत असेल तर सांगा,' असं लिहिणाऱ्यांचं काम थांबणार नाही. बाईंनी मात्र घड्याळ समोर ठेवून बसायचं आणि एक मिनिटही आधी उत्तर द्यायचं नाही.