चांद, भरती आणि उधारी
किनाऱ्यावरील व्यापाऱ्यांनी समुद्राचा हिशेब का समजून घ्यावा?

कोकण किनाऱ्यावर कापड, किराणा, भांडी किंवा लोखंडी सामानाचा व्यापार करणाऱ्या आपल्या बांधवांचे गिऱ्हाईक मोठ्या प्रमाणावर मच्छीमार आहे. रत्नागिरीचे मिरकरवाडा व राजिवडा, राजापूर तालुक्यातील साखरी नाटे अशा ठिकाणी दालदी व इतर मुस्लिम मच्छीमारांची मोठी वस्ती आहे. या गिऱ्हाईकाला महिन्याचा पगार नसतो. त्याची रोजी पाण्यात असते आणि पाणी चंद्रावर, वाऱ्यावर व हंगामावर चालते. हा हिशेब न समजता दिलेली उधारी दुकानदाराला त्रास देते आणि मच्छीमाराला त्याहून जास्त. म्हणून प्रस्तुत लेखात तो हिशेब थोडक्यात मांडत आहोत.

भिंतीवरचे हिजरी कॅलेंडर

भरती-ओहोटी मुख्यतः चंद्राच्या ओढीने होते. अमावस्या व पौर्णिमेच्या सुमारास सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येते आणि पाणी जास्त चढते, जास्त उतरते. यास उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास ही ओढ आडवी पडते, पाणी थोडेच हलते. यास भांग म्हणतात. आपला हिजरी महिना चांद पाहूनच सुरू होत असल्याने हे सारे आपल्या दुकानातील कॅलेंडरवरून कळते. महिन्याची अखेर व पहिली-दुसरी तारीख, तसेच १४ ते १६ तारीख, हे उधाणाचे दिवस. ७ ते ९ आणि २१ ते २३ हे साधारण भांगाचे दिवस.

भरतीची वेळ काढण्याचा जुना हिशेब असा की, तिथीची पाऊणपट करावी. चांद अमावस्येनंतर एक-दोन दिवसांनी दिसतो, म्हणून हिजरी तारखेत एक, कधी दोन मिळवले की तिथी येते. समजा हिजरी ७ तारीख आहे. तिथी आठ धरली तर आठाची पाऊणपट सहा. म्हणजे मुंबईत सकाळी व सायंकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. पंधराच्या पुढे तिथी गेली की पंधरा वजा करून हाच हिशेब करावा. मुंबईच्या दक्षिणेस भरती काहीशी आधी येते. हा अंदाज आहे, बंदरातील कोष्टकाची जागा तो घेऊ शकत नाही.

कोणत्या पाण्यात कोणते जाळे

उत्तर कोकणात बोंबील, जवळा, मांदेली पकडणारी डोल जाळी खुंटांना बांधून प्रवाहात तोंड करून लावतात. मासळी प्रवाहाबरोबर आत येते. त्यामुळे उधाणात डोल भरते आणि भांगात जवळजवळ रिकामी राहते. डोलवाल्याकडे दर पंधरवड्याला कमाईचे दिवस ठरलेले असतात ते यामुळेच.

पाण्यात पडद्यासारखी सोडलेली नायलॉनची जाळी मासळीला दिसता कामा नये. म्हणून सुरमई, बांगडा यांसाठी अंधाऱ्या रात्री चांगल्या मानल्या जातात आणि चांदण्यात जाळे हलके येते. खाडीत पाग टाकणारा भरतीबरोबर आत येणारी आणि ओहोटीबरोबर बाहेर पडणारी मासळी खाडीच्या तोंडाशी गाठतो.

याला वाऱ्याची जोड आहे. पहाटे जमिनीकडून मतलई वारा सुटतो, दुपारी समुद्राकडून खारा वारा येतो. शिडाच्या होड्या मतलईवर बाहेर जात आणि खाऱ्या वाऱ्यावर परतत. आज इंजिने आली. हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेकडून उपग्रहाच्या मदतीने समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान व पाण्यातील हरितद्रव्य पाहून मासळी कुठे सापडण्याचा संभव आहे याची सूचनाही मिळते. पण वादळापुढे इंजिन चालत नाही. नोव्हेंबर २००९ चे फयान, ३ जून २०२० चे निसर्ग, मे २०२१ चे तौक्ते ही वादळे किनाऱ्याने भोगली आहेत. मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे अरबी समुद्रातील वादळांचे महिने होत.

चंद्र जे सांगत नाही

हिजरी कॅलेंडर पाणी सांगते, हंगाम सांगत नाही. हंगाम सूर्याचा आहे. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि तोच अनेक मासळीच्या विणीचा काळ असल्याने १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते. बंदी उठल्यावर ऑगस्टपासूनचे महिने कमाईचे. आपले सण मात्र दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतात. २०२४ साली बकरी ईद १७ जूनला आली, २०२५ साली ७ जूनला. दोन्ही वेळा होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या होत्या. कापडवाल्याचा हंगाम आणि गिऱ्हाईकाचा रिकामा खिसा एकाच वेळी आले.

आमची चूक

काही वर्षांपूर्वी एका तांडेलाने मुलीच्या लग्नाचे कापड आमच्याकडून उधार नेले. आम्ही वसुलीची तारीख ठरवली ती आमच्या सोयीने, नेमकी भांगात. जाळी हलकी येत होती. त्याने मुदत मागितली, आम्ही हट्ट धरला. त्याने बंदरावरील एका दलालाकडून रक्कम उचलली. अट अशी की, रक्कम फिटेपर्यंत सारी मासळी त्यालाच, तो देईल त्या भावाने. आमचे पैसे तारखेला आले. त्याचा मात्र हंगामभराचा भाव गेला. पंधरा वर्षांचे गिऱ्हाईक पुन्हा आमच्या दुकानाची पायरी चढले नाही. आठ-दहा दिवस थांबलो असतो तर उधाण आले असते.

पाण्यातील, अजून न पकडलेली मासळी विकण्यास आपल्या फुकहांनी मनाई केली आहे, कारण त्यात धोका आहे. कर्ज देऊन त्यावर फायदा उपटणे हेही व्याजाच्याच दारात नेते. दलालाचा सौदा दोन्ही बाजूंनी वाईट होता, पण त्या दारापर्यंत माणसाला ढकलले आम्हीच. अडचणीतील कर्जदाराला सवड द्यावी, हा सूरह बकरहचा (२:२८०) हुकूम आम्ही वाचलेला होता.

व्यापारी बांधवांनी काय करावे

१. वसुलीची तारीख गिऱ्हाईकाच्या जाळ्याप्रमाणे ठरवावी. डोलवाल्याची उधाणानंतर, जाळीवाल्याची अंधाऱ्या रात्रींनंतर.

२. जून-जुलैत वसुली ठेवू नये. या काळातील उधारीचे हप्ते ऑगस्ट ते डिसेंबरमध्ये पाडावेत.

३. ईद बंदीच्या काळात येत असेल तर एप्रिल-मेपासूनच गिऱ्हाईकाकडून थोडी थोडी रक्कम जमा घेऊन कापड बाजूला ठेवावे.

४. व्यवहार लेखी करावा, रक्कम व मुदत स्पष्ट असावी. मासळीवर आगाऊ सौदा करायचाच असेल तर आधी मुफ्तीसाहेबांना विचारावे.

५. वादळाची सूचना लागली असता कोणाकडेही तगादा लावू नये. तगाद्याच्या धास्तीने कोणी होडी बाहेर काढली, तर त्याची जबाबदारी आपल्यावरही येते.

आम्ही आता वहीत प्रत्येक उधारीपुढे हिजरी तारीखही लिहितो. वसुलीस थोडा उशीर होतो, परंतु बुडीत रक्कम कमी झाली आहे आणि गिऱ्हाईक टिकले आहे. हलाल तिजारतीत बरकत यायची असेल, तर समोरच्याची रोजी कोणत्या पाण्यावर चालते हे आपण जाणून घेतले पाहिजे.