अम्ब्रोशिया भुंगेरे : एका संज्ञेचा विचार

वनांतील काही भुंगेरे लाकूड पोखरतात, परंतु लाकूड खात नाहीत. त्यांच्या भुयारांच्या भिंतींवर वाढणारा पांढरट थर हाच त्यांचा व त्यांच्या अळ्यांचा आहार होय. ऑस्ट्रियन फलोद्यानतज्ज्ञ जोसेफ श्मिडबेर्गर याने हा थर वृक्षरसापासून होतो असे समजून १८३६ मध्ये त्यास ‘अम्ब्रोशिया’, म्हणजे ग्रीक देवांचे अन्न, असे नाव दिले. पुढे १८४४ मध्ये थिओडोर हार्टिग याने तो थर म्हणजे कवक असल्याचे दाखविले. उपपत्ती गेली, नाव राहिले.

‘अम्ब्रोशिया’ आणि ‘अमृत’ हे शब्द मुळात सगोत्र असून दोहोंचा व्युत्पत्त्यर्थ ‘मरणरहित’ असाच आहे. मात्र ग्रीक देवांना ते अन्न आयते मिळे. आपल्या पुराणांतील अमृतासाठी समुद्रमंथनाचे श्रम करावे लागले. या कीटकांची राहणी दुसऱ्या कल्पनेशी अधिक जुळते. जन्मस्थान सोडताना मादी कवकाचे बीजाणू शरीरातील विशिष्ट कोशात घेऊन जाते. या कोशास बत्रा यांनी १९६३ मध्ये ‘मायकँजियम’, अर्थात कवकपात्र, असे नाव दिले. नव्या झाडात भुयार कोरताना ती हे बियाणे पेरते व पिकाची निगा राखते. ‘झायलेबोरिनस सॅक्सेसेनी’ या जातीत तर अळ्याही भुयार रुंदावण्याच्या व ते स्वच्छ राखण्याच्या कामी लागतात. म्हणून ‘कवकभक्षी’ यापेक्षा ‘कवककृषक’ ही संज्ञा अधिक यथार्थ ठरेल.

हा वाद केवळ शब्दांचा नाही. बहुतेक जाती मरणासन्न वा पडलेल्या वृक्षांतच वस्ती करतात. पण ‘झायलेबोरस ग्लॅब्रेटस’ हा आशियाई भुंगेरा २००२ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात, पोर्ट वेंटवर्थ या बंदराजवळ आढळला. बहुधा मालाच्या लाकडी वेष्टनातून तो तेथे पोचला असावा. त्याच्यासमवेत आलेल्या ‘रॅफेलिया लॉरिकोला’ या कवकाने तेथील रेडबे वृक्षांच्या जलवाहिन्या बंद पडून कोट्यवधी वृक्ष वाळले. फ्लोरिडातील अव्होकाडोच्या बागांसही त्याची झळ पोचली. या कवकाचे शास्त्रीय नामकरण २००८ मध्ये झाले, तोवर वृक्षसंहार सुरू होऊन काही वर्षे लोटली होती.

भक्षक एकटा येतो. कृषक आपले बियाणे घेऊन येतो. संज्ञा यथार्थ असली, तर बंदरावरील तपासनीस कीटकाबरोबर त्याच्या कवकपात्राचाही शोध घेईल.