लोहाचा पहारेकरी

मैदानाच्या दोन फेऱ्यांतच पोराला धाप लागली, की घरचे म्हणतात, “रक्त कमी असेल, लोहाच्या गोळ्या घे.” अनेकदा ते खरंही असतं. पण काही मुलांना गोळ्या लागूच पडत नाहीत. का?

मोठ्या माणसाच्या शरीरात लोह जेमतेम ३ ते ४ ग्रॅम. पण ऑक्सिजन वाहायला, स्नायूंत तो साठवायला आणि पेशींत ऊर्जा तयार करायला ते हवंच. त्याचा पहारेकरी म्हणजे यकृतात बनणारं हेप्सिडिन. ते वाढलं, की आतड्यातलं लोह रक्तात शिरत नाही. आईवडील दोघांकडूनही ‘टीएमपीआरएसएस ६’ हे जनुक बिघडलेलं आलं, तर हेप्सिडिन चढंच राहतं. मग लोह सहसा शिरेतून द्यावं लागतं.

१९९६ मध्ये सापडलेलं ‘एचएफई’ जनुक बिघडलं, तर उलटं होतं: पहारेकरी पेंगतो. जादा लोह बाहेर टाकायची सोय शरीरात नाही, ते साचत जातं. त्रास बहुधा चाळिशीनंतर दिसतो. ‘एचजेव्ही’ जनुकाच्या दुर्मीळ बिघाडात मात्र ऐन तारुण्यातच हृदय थकतं, वयात येणं लांबतं. उपाय जुनाच, ठरावीक काळाने रक्त काढणं.

थकवा दोन्हीकडे सारखाच. म्हणून गोळीआधी हिमोग्लोबिन आणि लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन तपासावं.