वकिलाने स्वतःची कैफियत कशी लिहावी

दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या ओट्यावर संध्याकाळी दोन-चार मंडळी जमतात आणि निम्म्याहून अधिक वेळ कोर्टाच्याच गोष्टी चालतात. न्यायमंदिराच्या वास्तूतून २०१८ साली कोर्ट दिवाळीपुऱ्याला गेले, तरी सूरसागराकडे जाताना आमची पावले अजून तिकडेच वळतात. गेल्या महिन्यात शेजारच्या घरातली नात ह्या ओट्यावर कागद घेऊन आली.

"आबा, जरा बघता का? अहमदाबादला हायकोर्टात काम करणाऱ्या एका ऑफिसात ज्युनिअरची जागा आहे. उद्या अर्ज पाठवायचाय."

पोरगी हुशार. चार वर्षे इथल्या जिल्हा कोर्टात एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली राबते आहे. तिचा तो रिझ्युमे, म्हणजे आमच्या वेळच्या अर्जाचा नवा अवतार, चांगला पाच पानांचा होता. पहिल्या पानावर फोटो, जन्मतारीख, वडिलांचे नाव व व्यवसाय, 'अविवाहित', आणि आवडी म्हणून वाचन व शास्त्रीय संगीत. मी म्हटले, "अगं, हा नोकरीचा अर्ज की स्थळाची पत्रिका? गोत्र आणि उंची तेवढी राहिली!" दुसऱ्या पानावर ती कष्टाळू, चिकाटीची व मिळूनमिसळून काम करणारी असल्याचे तिनेच लिहिले होते. पुढे कॉलेजातल्या लटक्या कोर्टाच्या स्पर्धा आणि व्याख्यानांना हजर राहिल्याची प्रमाणपत्रे. पाचव्या पानाच्या तळाशी एकच ओळ होती : 'दिवाणी व फौजदारी कामांचा अनुभव.'

मी कागद खाली ठेवले व विचारले, "ह्या चार वर्षांत तू स्वतःच्या तोंडाने कोर्टात काय बोललीस?"

मग ती सांगू लागली. शेतजमिनीच्या वाटपाच्या एका दाव्यात ऐन तारखेला तिचे ज्येष्ठ आजारी पडले. मुदत मिळाली नाही. तलाठ्याची उलटतपासणी तिने एकटीने घेतली. फेरफाराच्या नोंदीवरून त्याला दीड तास प्रश्न विचारले. दुसऱ्या एका कामात मनाई हुकमाचा अर्ज तिने लिहिला, तिनेच चालवला आणि तो मंजूर झाला. चेक न वटल्याच्या तक्रारी तर तिच्या हातून कितीतरी गेल्या होत्या. ह्यातले एक अक्षर त्या पाच पानांत नव्हते. का लिहिले नाहीस, म्हणून विचारले तर म्हणाली, "ते तर रोजचंच काम, आबा. शिवाय फाइल सरांची."

आपल्या घरांतून मुलांना स्वतःविषयी बोलू नये असे शिकवतात, आणि ती शिकवण वाईट नाही. पण अशीलाची बाजू मांडताना हीच मुलगी संकोच करत नाही. तिथे ती काय करते? १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतला सहाव्या आदेशाचा दुसरा नियम पाळते. पक्षकाराची भिस्त ज्या महत्त्वाच्या घटनांवर आहे त्या आणि तेवढ्याच, थोडक्यात लिहाव्यात. पुरावा तिथे कोंबू नये, असे तो नियम सांगतो. वकिलाचा रिझ्युमे म्हणजे त्याची स्वतःची कैफियतच होय, आणि तिलाही हाच नियम लागू पडतो. 'मी चिकाटीची आहे' हा निष्कर्ष झाला, तो वाचणाऱ्याने काढायचा. आपण फक्त दीड तासाची उलटतपासणी सांगायची. कैफियतीखाली सत्यापन असते आणि खोटे लिहिणारा अडकतो, हेही विसरू नये.

आम्ही ओट्यावरच एक नोंद लिहून पाहिली. इंग्रजीत ती होईल तेव्हा होवो, मराठीत अशी झाली : 'दिवाणी न्यायालय, वडोदरा. शेतजमिनीच्या वाटपाचा दावा, प्रतिवादीतर्फे. कैफियतीचा मसुदा माझा. तलाठ्याची उलटतपासणी मी एकटीने घेतली. इतर साक्षीदार ज्येष्ठ वकिलांनी तपासले. दावा प्रलंबित.' न्यायालय कोणते, तंटा कसला, कोणाकडून उभे होतो, आपल्या हाताने काय झाले आणि काम कुठवर आले, एवढ्या गोष्टी आल्या की पुरे. 'सहभाग घेतला', 'काम सांभाळले' ही क्रियापदे मी खोडून टाकली. सांभाळले म्हणजे काय? तारीख घेतली की युक्तिवाद केला? मसुदा केला, साक्षीदार तपासला, निवाडे शोधून दिले, नुसती हजर राहिले, ह्यातले जे खरे असेल ते लिहावे. निवाडे शोधून देणे हेही काही कमी काम नव्हे. आणि हरलेले कामही लिहावे. अमुक इतके टक्के खटले जिंकले असा हिशेब मांडणाऱ्या वकिलाकडे जाणता माणूस संशयानेच पाहतो.

हे मी आगंतुक शहाणपणाने सांगत नाही. तरुणपणी एका मोठ्या वकिलांकडे जागेसाठी गेलो तेव्हा अर्जात मी दिमाखात लिहिले होते, 'चाळीस दावे चालवले.' त्यांनी शांतपणे विचारले, "ह्यातला ज्यात तुम्ही स्वतः साक्षीदार तपासलात असा एक सांगा." तसा एकच होता, तो मी हरलो होतो, आणि नेमका तोच अर्जात लिहिला नव्हता. त्यांनी माझा कागद दुमडून मला परत दिला. आज तर पडताळणी अधिकच सोपी झाली आहे. प्रत्येक खटल्याला सोळा अक्षरांकड्यांचा सी. एन. आर. क्रमांक असतो, तो ई-कोर्टच्या संकेतस्थळावर घातला की तारखा, हुकूम आणि बहुधा वकिलाचे नावही समोर येते.

कलमांची एक नवी गंमत आहे. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. जुन्या कायद्यात ४८२ म्हणजे खटला रद्द करवून घेण्यासाठी हायकोर्टाचे अंगभूत अधिकार. नव्या कायद्यात ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, आणि ते अंगभूत अधिकार गेले ५२८ मध्ये. पोरीने नुसते 'कलम ४८२ खालील अर्ज' असे लिहिले होते. वाचणाऱ्याने काय समजावे? कलमाबरोबर कायद्याचे नाव हवेच.

मग तिच्या कागदावरच्या एका ओळीने मी खरोखर दचकलो. एका घराण्याच्या भांडणात मध्यस्थीने तडजोड झाली होती. तिने दोन्ही पक्षांची नावे व रक्कम लिहिली होती. "आबा, माझं सगळ्यात मोठं काम ते," ती म्हणाली. असेल, पण अशिलाने वकिलाला सांगितलेले त्याच्या संमतीवाचून उघड करता येत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यातले १२६ वे कलम हेच सांगत होते आणि २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातले १३२ वे कलमही हेच सांगते. मध्यस्थीच्या गुप्ततेसाठी २०२३ चा स्वतंत्र कायदा आहे. उघड्या कोर्टात चाललेल्या कामाचे नाव लिहायला हरकत नसते. तडजोड, लवाद, कौटुंबिक कज्जे ह्यांत मात्र 'मालमत्तेच्या तंट्यात तडजोडीचा मसुदा' एवढेच पुरते. लेखनाचा नमुना मागितला तर नावे काळी करून द्यावा. जो आपल्या आधीच्या अशिलाचे गुपित अर्जात मांडतो, तो उद्या आमचेही मांडील, असेच ते ऑफिस म्हणेल. तिने ती ओळ काढली, पण चेहरा उतरला होता हे खरे.

शिक्षण खाली न्यायला ती तयार नव्हती. सनद, तिचे वर्ष आणि बार परीक्षेचे प्रमाणपत्र वरच हवे, पण कॉलेजातली पदके चार वर्षांच्या कामावर चढून बसू नयेत. बडोद्याच्या वाचकाला इथे डॉ. आंबेडकरांची आठवण होणारच. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१७ साली बडोद्याच्या नोकरीत आले, तेव्हा ह्याच शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही आणि त्यांना परत जावे लागले. १९२३ साली मुंबईत वकिली सुरू केली तेव्हा त्यांच्या इतक्या पदव्या फार थोड्यांजवळ असतील. तरी जातीमुळे काम देणारे पुढे येत नव्हते. १९२६ साली 'देशाचे दुश्मन' ह्या पुस्तकावरून चाललेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात बागडे, जेधे, जवळकर ह्यांना त्यांनी अपिलात सोडवले, तेव्हा वकील म्हणून त्यांचे नाव झाले. कागद उत्तम असूनही दार बंद राहते, हे आपल्या शहराने पाहिले आहे, किंबहुना केले आहे. तो दोष कागदाचा नव्हता.

भाषेची ओळ मात्र मी वर घेतली. पोरीने 'मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी' असे सर्वांत शेवटी टाकले होते. खालच्या कोर्टातली साक्ष गुजरातीत, हायकोर्टाचे काम इंग्रजीत. ही साक्ष नीट वाचून इंग्रजी अपिलात आणणारा ज्युनिअर त्या ऑफिसला हवाच असतो. शिवाय आजोबांजवळ बसून ती मोडी शिकली आहे! गायकवाडी अमदानीतले जमिनीचे काही कागद मोडीत आहेत आणि ते वाचणारे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ज्या राज्याने १९३१ साली 'श्री सयाजी शासन शब्दकल्पतरू' हा अनेक भाषांतला राज्यकारभाराचा कोश काढला, तिथल्या मुलीने हे लपवावे काय?

जाता जाता पगाराचे. बार कौन्सिलच्या ४९ व्या नियमाप्रमाणे वकिली चालू असताना पूर्ण वेळ पगारी नोकर होता येत नाही. म्हणून अशा ऑफिसांत बहुधा दरमहा फी ठरते. कंपनीच्या पगारावर जायचे तर सनद स्थगित ठेवावी लागते. 'जागा' कोणत्या प्रकारची, हे अर्जाआधीच विचारून घ्यावे.

रात्री नऊपर्यंत पाचाची दोन पाने झाली. शेवटी ती अडली. "आबा, उलटतपासणी एकटीने घेतली असं लिहिलं तर सरांना राग नाही ना येणार?" मी म्हटले, "मग त्यांनाच दाखव." दुसऱ्या दिवशी तिने दाखवले. त्यांनी वाचून पेन घेतला, 'दीड तास' हे शब्द खोडले व वर लिहिले : 'दोन तास दहा मिनिटे.' रोजनाम्यात तशी वेळ होती.

सोमवारी तिची मुलाखत आहे.