कॅथलिक विद्यापीठात नोकरी करताना

कॅथलिक विद्यापीठात काम करायला कॅथलिकच असावे लागते, असा अनेकांचा समज असतो. तो खरा नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९० साली या विद्यापीठांसाठी नियमावली काढली. तिच्यात अन्यधर्मीय आणि कोणताही धर्म न मानणारे सहकारीही धरलेले आहेत. त्यांनी संस्थेची धार्मिक ओळख जाणून तिचा मान राखावा आणि संस्थेने प्रत्येकाच्या सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य जपावे, अशी ही दुहेरी बांधिलकी आहे.

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातील नोटर डेम विद्यापीठ १८४२ साली स्थापन झाले. त्याने पूर्वी कर्मचाऱ्यांसाठी पाच मूल्ये ठरवली होती: उत्तरदायित्व, संघभावना, सचोटी, दर्जात पुढाकार आणि ध्येयकार्यात पुढाकार. पहिली चार कुठल्याही चांगल्या कार्यालयात शोभतील. वेगळेपण पाचव्यात होते. त्यानुसार शुल्काची पावती फाडणारा कारकूनही विद्यार्थी घडवण्याच्या कामात सहभागी मानला जाई.

जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या परंपरेतली विद्यापीठे माणसाचा समग्र विचार करण्यावर भर देतात. हुशार मुलगी सलग तासांना गैरहजर राहिली, तर हजेरीपटावर फुली मारून भागत नाही. तिची विचारपूस करणे हेही प्राध्यापकाचे कामच.

ही दृष्टी कर्मचाऱ्यांनाही लागू होते. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली न्याय्य वेतन आणि श्रमिकाची प्रतिष्ठा यांचा आग्रह धरला होता. म्हणून भिंतीवर लावलेल्या मूल्यांची खरी परीक्षा सफाई कामगाराच्या पगारात आणि त्याला मिळणाऱ्या वागणुकीतच होते.